करमल घाट, दोन आडव्या रेघा

चावडीवर एक ठिपका होता.
करमल घाटाच्या तिसऱ्या वळणावर तोही गेला;
किलोमीटरच्या जागी उरल्या दोन आडव्या रेघा.
यापुढचं गाडीला सांगता येत नाही.

फेलिसियान मेस्त्री गाडी विकताना म्हणाला होता,
"शून्यानंतरही चार लिटर असतात, बाब.
म्हणजे, नवी होती तेव्हा असायचे."

चौदा वर्षांची बॅटरी.
चढावर दोन मिनिटांत हात टेकते,
मग इंजिन एकटंच खोकत ओढतं.
मी एसी बंद करतो.
सुलक्षा जुन्या पावतीच्या पाठीवर भागाकार मांडते.
"एकोणीसचं अॅव्हरेज धर."
"सोळा," ती म्हणते. "चालवतोयस तू."

माथा ओलांडला, पाय काढून घेतला.
उतारावर ही म्हातारी चक्क कमावते:
हिरवी काडी, वर आणखी एक,
आणि इंजिन गप्प.
बाळ्ळीत इतक्या चोरपावलांनी शिरलो
की रस्त्यातल्या कोंबडीनं मानसुद्धा वळवली नाही.
हॉर्न वाजवू की नको?
त्यालाही वीज लागतेच ना.

कुंकळ्ळीच्या पंपावर बेचाळीस लिटर मावलं.
टाकी पंचेचाळीसची.

"बघ, मेस्त्री जवळजवळ खरं बोलला."
"किंवा पंपाचा काटा खोटं,"
सुलक्षा म्हणाली,
आणि नवी पावती
जुनीच्याच घडीत ठेवली.