टेलचं पाणी

पहाटेचे सव्वातीन. न्यूकासल.
खिडकीतून टाइन दिसत नाही, पण भरतीची वेळ मला पाठ आहे.
आत्ता समुद्र नदीत शिरत असेल,
पुलाखालचं पाणी क्षणभर
कुणीकडे जायचं ते विसरलं असेल.

कॉलिन हेडली, वय त्रेपन्न,
नॉर्थ शील्ड्सच्या फेरीवर दोर टाकणारा.
साधा फ्लू झाला, आणि हृदयाचा स्नायूच सुजला.
आता त्याच्या जांघेत बोटाएवढ्या दोन नळ्या.
एकीतून बाहेर येतं ते जांभळाच्या रसासारखं,
दुसरीतून आत जातं ते लालभडक.
मधे मी आणि माझं यंत्र. मिनिटाला चार लिटर.
ठोका नाही त्याला. नुसती धार.

माझे वडील नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते.
सायकलच्या दांडीला दारं उघडायची किल्ली बांधलेली.
म्हणायचे, हेडवाला कधी तहानलेला राहत नाही,
आणि टेलवाल्याचं पाणी
कागदावरच ओलं असतं.

हृदय हेडवालं.
महाधमनी सुरू होते तिथंच त्याच्या दोन चाऱ्या फुटतात,
मुंडावळ्यांसारख्या दोन्ही अंगांनी खाली उतरतात.
साऱ्या देहाची पंगत बसण्याआधी
ते स्वतःचं पान वाढून घेतं.
आणि जेवतं कधी?
दोन ठोक्यांच्या मधे, मूठ सैल सुटली की.
कामात असताना त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी कालवा उलटा फिरवलाय.
पाणी जांघेतून वर चढतं,
मूत्रपिंडं, आतडी, यकृत,
वाटेतल्या सगळ्यांना देत देत
शेवटी पोचतं हृदयाच्या दाराशी.
जन्मभर हेडला बसलेलं ते
एका रात्रीत टेलला आलं.

तेवढंच असतं तर.
माझी धार त्याच दाराला बाहेरून रेटा देते.
थकलेल्यानं दार उघडायचं
तर माझ्याविरुद्ध उघडायचं.
नाही उघडलं, की आत तुंबतं,
भिंती ताणतात,
आणि ताणलेल्या भिंतीच्या अगदी आतल्या थराला
काहीच पोचत नाही.
तात्या असते तर म्हणाले असते,
दार थोडं खाली घे, पोरी.
जोर म्हणजे पाणी नव्हे.

डॉक्टर प्रॉसर मान हलवतात. मी खाली घेते.
चार. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक दोन.
इकोच्या पडद्यावर ती झडप
तीन ठोक्यांत एकदा
किलकिली होते.

डेनीस त्याचा डावा हात धरून बसलीय.
उजवा मला लागतो.
उजव्या मनगटातलं रक्त चहाडी करतं,
हृदयाला आज कुणाचं पाणी मिळतंय, माझं की त्याचं.
कारण हृदय जागं झालं आणि फुप्फुसं निजलेलीच राहिली
तर ते स्वतःला काळंच पाणी पाजेल,
पाय गुलाबी, ओठ निळे,
आणि छातीत कुठंतरी दोन पाण्यांची
न दिसणारी गाठ.

मी नमुना काढते. आकडा बरा आहे.
बरा म्हणजे बरा, त्याहून जास्त नाही.

'टा, पेट,' डेनीस म्हणते.
इथं त्याचा अर्थ बाळ, लाडके, असं काहीतरी.
माझ्या भाषेत पेट म्हणजे
पेट. जळू लाग.
मी कॉलिनकडे बघून तेच म्हणते, मनात,
आणि कुणाच्या भाषेत म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

तात्या सांगायचे,
टेलचा माणूस पाळीच्या रात्री झोपत नाही,
कोरड्या चारीत तळवा टेकवून बसतो.
पाणी यायच्या आधी माती गार होते म्हणे.

पडद्यावरच्या सपाट रेघेला
एक उंचवटा आला.
मग बराच वेळ काही नाही.
मी त्याचं उजवं मनगट धरून उभी आहे.