माप

जबल अलीच्या गोदामात माझं काम चिकटवायचं:
इंग्रजी लेबलवर फ्रेंच, त्याखाली स्पॅनिश.
पहिल्याच महिन्यात तीनशे पडदे परत आले.
मी सगळीकडे लार्ज तसंच ठेवलं होतं.
"फ्रेंचमध्ये लार्ज म्हणजे रुंद," ट्यूनिसचा मुनीर म्हणाला,
"स्पॅनिशमध्ये लार्गो म्हणजे लांब.
मोठा हवा तर ग्राँद लिही, बाबा."
पगारातून दोनशे दिरहम कापले,
तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

मग मीही त्याला सांगितलं,
आमच्यात मोठा म्हणजे थोरलासुद्धा;
खोलीतला पाच फुटी शिगवण
आम्हा सहाजणांत मोठा आहे.
हसला. चहा त्यानेच पाजला.

रविवारी गुहागरला फोन लावला.
मृण्मयीला फ्रॉक घेतलाय, म्हटलं, माप सांग.
बायको जरा वेळ गप्प.
मग हळूच, "अहो, ती मोठी झाली."

लांब की रुंद, विचारणारच होतो,
तोंड उघडलंही होतं.

तिकडे कुकरची शिट्टी झाली.
फ्रॉक अजून पिशवीतच आहे.
लेबलवर तीन भाषांत लिहिलंय:
वय आठ ते दहा.