आधी पाजून घ्या

मानवत रोडच्या टाकीत
एकोणतीस वर्षांत थेंब चढला नाही.
पाइप नाल्यापर्यंत आले,
मग ठेकेदाराचं कुणाशी तरी बिनसलं,
मग पाइपही गेले, राहिले चौकशीचे कागद.
टाकी उभीच. बारा खांबांवर,
पोटात पारवे घेऊन.

टँकर यायचा तो तिच्याच सावलीत थांबायचा.
घागरींची रांग सावलीबरोबर सरकायची,
उन्हं कलली की पार शाळेच्या भिंतीला टेकायची.
एवढं एक काम मात्र तिनं इमानानं केलं.

मार्चात तिला पाडायला घेतली.
ब्रेकरला दोन दिवस दादच देईना.
लचमव्वा धोत्रे घणावर हनुवटी टेकून हसली :
"रिकामी राहिली नं, म्हणून झिजली नाही.
भरल्या घरातली बाई बघ एकदा."

तिचा नवरा यंकाप्पा सळया सोडवायचा,
गंजलेल्या, वाकड्या, शेवग्याच्या शेंगांसारख्या.
मुजीब त्या तोलून न्यायचा, जालन्याच्या भट्टीला.
"लोखंडाला दुसरा जन्म आहे," काट्यावरची नजर न हलवता म्हणायचा,
"सिमेंटला नाही. ते एकदाच दगड होतं."

मी काय बोलणार. मी क्रशरवर.
जबड्यात ढेकूळ टाकायचं,
खाली तीन चाळण्या : वीस, दहा, भुकटी.
नाकातोंडात टाकी. भाकरीत टाकी.
रात्री आंघोळीच्या दीड तांब्यात
केसांतून उतरणारी टाकी.

एक ढेकूळ आलं, त्यावर निळी अक्षरं.
'पाणी अडवा, पाणी जिरवा' असं गोल लिहिलेलं होतं तिच्या पोटाभोवती.
अडवायचं भुकटीत गेलं, पाणी दोन्ही वेळा गेलं.
हातात उरलं नुसतं 'जिरवा'.
गावानं त्याचा अर्थ कधीच बदलून टाकला होता,
निवडणुकीत तर रोजच वापरायचे.
मी ते जबड्यात टाकलं नाही. का, माहीत नाही.

मग परभणीहून गायसमुद्रे मॅडम आल्या,
खडी तळहातावर घेऊन, नखानं टोकरत.
"हिच्या अंगाला जुनं सिमेंट आहे. छिद्रं छिद्रं.
नव्या खडीपेक्षा ही जास्त पिते.
कोरडीच कालवलीत
तर मिक्सरमधलं सगळं पाणी हीच ओढून घेईल,
आणि ब्लॉक फुटतील.
आधी पाजून घ्या. एक अख्खी रात्र."

एप्रिल होता.
नगरपालिकेचं गाळलेलं सांडपाणी आलं,
पिण्याजोगं नव्हतं, तरी पाणीच होतं ते,
आणि मी पाइप धरून उभा होतो
एका ढिगाऱ्यापुढे.
लचमव्वा बघत होती. काही बोलली नाही.
तिची घागर माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "माय, टाकीच हाय ही."

ढिगातून आवाज आला.
आधी चर्रर्र, तापल्या तव्यासारखा,
मग बारीक, खूप बारीक,
लेकरू झोपेत पितं तसा.
धूळ बसली. करडं काळं झालं.
बुडबुडे येत राहिले, खालून, मधून,
एकोणतीस वर्षांची हवा बाहेर पडत होती म्हणा,
किंवा नुसती हवा.
मी पाइप सरकवत राहिलो,
एका जागी फार वेळ धरला नाही,
कुणी मागं राहू नये म्हणून.

सकाळी तिच्यात नवं सिमेंट, थोडी नवी खडी.
ब्लॉक बरे निघाले. दोन फुटले, तेवढे फुटतातच.
मुजीब येऊन एकावर उभा राहिला,
टाच आपटून पाहिली,
आणि सळयांचा भाव सांगू लागला.

आता ते शाळेपुढं बसवलेत.
नळ अजून यायचाय.

आणि ते 'जिरवा'चं ढेकूळ?
लचमव्वानं उचलून नेलं, न विचारता.
पालात माठाखाली ठेवलंय.
माठ झिरपतो.
ढेकूळ ओलं असतं, दिवसभर.