हीलर कोण होणार?

चार जागा.
एकाने पुढे उभं राहून मार खायचा,
एकाने लांबून आग फेकायची,
एकाने कुलपं उघडायची, पाठीत सुरा घालायचा,
आणि एकाने बाकीच्या तिघांना मरू द्यायचं नाही.
एवढंच शास्त्र आहे चांगल्या पार्टीचं.
बाकी सगळे चिलखतांचे रंग.

चेंबूर कॅम्पात, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर
लखमशीकाकांचं सायबर. तासाला वीस रुपये,
पंखा एकच, तोही काकांकडे तोंड करून.
हेरंब सावे टँक, त्यात चर्चाच नव्हती :
दहावीला दोनदा बसलेला, दारात न मावणारे खांदे,
घरी मात्र खालच्या आवाजात बोलणारा.
फैयाझ जादूगार, कारण त्याला थांबता यायचं नाही,
मंत्र संपले तरी कीबोर्ड बडवत राहायचा.
आणि मी रोग.
म्हणजे इंग्रजीतला. चोरटी, भामटी, सावलीतून चालणारी.
"मी रोग आहे, मी रोग!" मी ओरडायचे
आणि काका गल्ल्यावरून मान वर करायचे,
"कोण बीमार छे?"

मग दर शनिवारी तोच प्रश्न.
आम्ही तिघं आपापल्या माऊसकडे बघत बसायचो,
जणू त्यातली गोळी काढून पुसणं
फारच तातडीचं होतं.
विश्राम तांडेल उशिरा यायचा, माहूलहून चालत,
बसचे पैसे तासाच्या पैशांत घालून.
उरलेली खुर्ची त्याची. सहा नंबर,
जिथला स्पेसबार दाबला की वर यायचा नाही.
"तू आहेस ना हीलर," आम्ही म्हणायचो.
विचारत नव्हतो. कळवत होतो.

त्या गेमचा एक नियम होता,
वैदूचा मंत्र वैदूला लागू पडत नाही.
त्याच्यासाठी औषधाच्या बाटल्या असायच्या,
त्या बाकीच्यांनी फेकायच्या.
बाटल्या माझ्या झोळीत होत्या.
मी विकल्या.
दोन सुरे घेतले, एक निळ्या मुठीचा.

तो पडला की आम्ही चिडायचो :
अरे, मेलास कसा? आता आमचं काय?
एकदाच म्हणाला तो, जिना उतरताना,
"मला एकदा तो राक्षस नीट बघायचाय."
हेरंब हसला. समोर तर असतो, म्हणाला,
हा एवढा, बत्तीस डोळ्यांचा.

परवा, वीसेक वर्षांनी,
मानखुर्दला बहिणीच्या घरी, सातव्या मजल्यावर
भाचीने तोच गेम उघडला, नव्या रंगात.
तिच्या मैत्रिणी आधीच बसलेल्या, कुणी ठाण्यातून, कुणी साताऱ्यातून.
"मावशी, एकच जागा उरलीय गं."
कुठली, ते मी विचारलं नाही.

लढाई सुरू झाली आणि मला राक्षस दिसेना.
होता. वर कुठेतरी धूर होता, किंकाळ्या होत्या.
पण माझे डोळे खाली डाव्या कोपऱ्यात,
तीन लाल पट्ट्यांवर.
ही उतरली, भर. ती उतरली, भर.
तीन शेगड्यांवर दूध ठेवलेलं
आणि चिमटा एकच.
माझी स्वतःची पट्टी किती उरली
हे बघायचं सुचलंसुद्धा नाही.

"जिंकलो! मावशी, शेवटी कसला फुटला ना तो!"
हो, म्हटलं.

मग मी हट्टाने परत खेळायला लावलं
आणि या वेळी फक्त वर बघितलं.
तिघी पटापट पडल्या.
"मावशी, झोपलीस का?" भाची करवादली.
मी मोजत होते.

विश्राम हल्ली ट्रॉम्बेच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, असं हेरंब म्हणाला.
नंबर आहे माझ्याकडे.
रात्रीपासून एक मेसेज लिहून खोडतेय :
बत्तीस नाहीत रे. अठ्ठावीस.
आणि डावीकडचे
मिटलेले असतात.