बिनचहाचं दूध

दार्खानमध्ये साडेसहाला उठायचं. बाहेर उणे एकतीस.
खिडकीला आतून बर्फ धरतो,
त्यावर एल्डर सोद्नोम नखाने तारीख कोरतो.
गुडघे टेकायचे. मग पांढरा शर्ट, टाय,
आणि खिशावर काळी पट्टी: माझं आडनाव,
त्याच्या आधी एक शब्द, अर्थ वडीलधारा.
मी एकोणीस वर्षांचा आहे.
मला अजून धड दाढी येत नाही.

कोट भावाचा. वेस्टन त्याच्या मिशनवरून
चार महिन्यांत घरी परतला होता.
का, ते गावात कुणी विचारलं नाही,
हीच त्याला शिक्षा झाली.
डाव्या खिशात त्याचं बसचं तिकीट आहे अजून,
फिनिशमध्ये छापलेलं. मी ते टाकत नाही.

सकाळी शाळेत इंग्रजी शिकवतो,
दुपारी कुणाचा तरी कोळसा वाहून देतो.
पोरं विचारतात, पगार किती?
काहीच नाही म्हटलं की हसत सुटतात,
घरचे पैसे आणून परमुलखात राबणारा माणूस
त्यांनी पाहिलेला नसतो.

आमच्यात साक्ष देताना "मला वाटतं" चालत नाही.
"मला ठाऊक आहे" असंच म्हणायचं.
दिवसा म्हणतो. रात्री रजईत
तेच वाक्य उलटसुलट करून बघतो,
दुकानात नोट उजेडात धरून बघतात तसं.

संध्याकाळी गेरच्या वस्तीत, फळ्यांच्या कुंपणाशी
आधी ओरडायचं: कुत्रं धरा!
इथे रामराम त्यानंतर.

खोर्लोबाई पोलाद कारखान्यात क्रेन चालवायच्या.
पहिल्याच दिवशी त्यांनी चहा पुढे केला,
खारट, दुधाळ, वाफाळता.
दोन्ही हातांनी वाटी घेतली
आणि मी नुसता धरून बसलो.
आम्हाला चालत नाही, हे या देशात सांगणं म्हणजे
उंबऱ्यावर पाय देणं.
सोद्नोमने सांगितलं. हेच ऐकून
त्याच्या सख्ख्या आईने दोन दिवस अबोला धरला होता.
खोर्लोबाई उठल्या. कोनाड्यातलं धाकटं पातेलं काढलं,
दूध तापवलं, चिमूटभर मीठ.
"ज्याचा देव चहावरसुद्धा नजर ठेवतो," म्हणाल्या,
"त्याच्याकडे कामं कमी असतील."
तेव्हापासून ते पातेलं आमचं.

गुरुवारी प्रार्थना माझ्याकडे आली.
इथल्या भाषेत बाप आणि दमलेला
एका भिंतीचे शेजारी आहेत,
मी चुकीच्या दारात शिरलो.
हे आमच्या स्वर्गातल्या दमलेल्या, म्हणालो,
आणि पुढचं सगळं बिनचूक:
या घराला सुखी ठेव, चूल विझू देऊ नकोस,
आमेन.

सोद्नोमचे खांदे गदगदत होते.
खोर्लोबाई हसल्या नाहीत.
चुलीचं झाकण सरकवून निखारे सारखे करत म्हणाल्या,
"बरं केलंस. सगळे त्याच्याकडे मागायलाच जातात.
दमलास का, कोण विचारतं?"

चूक दुरुस्त करायला हवी होती.
शब्द तोंडात तयार होता, बरोबर व्याकरणासकट.
मी दुधाचा घोट घेतला.

परतताना धुरात रस्ता दिसेना,
टॉर्चच्या उजेडात फक्त आमचीच वाफ.
सोद्नोमने विचारलं, वहीत काय लिहू, कोणता धडा झाला?
म्हटलं, आज रिकामी राहू दे.

सोमवारी घरी फोन. पडदाभर आई,
तिच्या मागून वेस्टन गेला, हातात पाना,
नेहमीसारखा, घाईत नसताना घाईत.
त्याला बोलाव, म्हणालो.
तो आला. कडेलाच उभा राहिला,
आता मी काहीतरी पवित्र बोलेन
या तयारीने त्याने जबडा घट्ट केला होता.

"दमलास का रे?"

फोन अडकलाय असं वाटावं
इतका वेळ तो हलला नाही.
मग म्हणाला,
"तो कोट पुरतो का तिकडच्या थंडीला?"

"पुरतो," मी म्हणालो.
"बाह्या जरा लांब आहेत."