निरंक

दर महिन्याच्या पंचवीसला मी रजिस्टर उघडते.
गरोदर माता चार. बीपीच्या गोळ्या अकरा. सर्पदंश एक.
आणि अगदी कडेच्या रकान्यात, जिथं छापलंय
'छातीत गाठ, संशयित',
तिथं गेली सहा वर्षं एकच शब्द:
निरंक.

अक्षर चांगलं आहे माझं. मास्तर म्हणायचे.

तालुक्याच्या मीटिंगला साहेब भिंतीवर नकाशा पाडतात.
कोल्हापूर शहर लालभडक,
आणि पार पश्चिमेला, गगनबावड्याच्या अंगाला,
आम्ही पांढरे. नीळ घालून धुतल्यासारखे.
डोंगराची हवा, कुणीतरी म्हणतं,
नाचणीची भाकरी, कष्टाचं शरीर.
सगळे माना हलवतात. मीही हलवते.
चहा येतो.

राजारामपुरीत एका गल्लीत तपासणीचे तीन बोर्ड.
आमच्या वाडीला सगळ्यात जवळचं यंत्र
पंचावन्न किलोमीटर, दोन एसट्या, एक बुडालेली मजुरी,
शिवाय संध्याकाळच्या धारा कोण काढणार.
लाल म्हणजे तिथं कुणीतरी पाहिलं,
पांढरं म्हणजे कुणी पाहिलंच नाही,
हे मला मीटिंगमध्ये कळलं नाही.
बायाक्का डकरेच्या गोठ्यात कळलं.

पहाटे साडेचारला ती म्हशीखाली बसलेली.
धारेच्या आधी चारी सडं, सगळी कास
बोटांच्या पेरांनी चाचपत होती,
गोल, हलकं, वरून खाली.
माझा हात ओढून तिथं ठेवला.
"हितं बघ. वाटाण्याएवढं लागतंय.
दगडी व्हायच्या आधी हाताला कळतंय.
उशीर केला की सड गेलं."
सातच्या आत दूध संस्थेचा डॉक्टर
मोटारसायकलवर दारात हजर.

मी विचारलं, बायाक्का, आणि स्वतःचं?
ती हसली. पदर सारखा केला.
"मी काय संस्थेला दूध घालतोय व्हय?"

हसता हसता तिचा हात डाव्या काखेशी थांबला.
थांबला आणि तिथंच राहिला.
दुखत न्हाई गं. दुखलं असतं तर दाखवलं असतं की.
कधीपासून?
म्हस व्याली तवापासनं.

रेडकू खुंट्याला वैरण खात होतं.

सीपीआरच्या रांगेत शेजारी एक बँकेतली बाई होती.
तिची हरभऱ्याएवढी होती,
वर्षाच्या तपासणीत सापडली, काढली,
पुढच्या महिन्यात कामावर जाणार.
बायाक्कानं विचारलं, हरभऱ्याएवढी दिसती कशी?
बाईनं सांगितलं. बायाक्का ऐकत राहिली
आणि मुठीत धरून राहिली
आवळ्याएवढं काहीतरी, जे मुठीत नव्हतं.

डॉक्टर पोरगीच होती, माझ्या धाकटीच्या वयाची.
इतके दिवस कुठं होता आजी?
"घरातच हुतो की."

त्या पंचवीसला मी एक लिहिला.
तालुक्यावरून फोन. चुकून पडलाय का आकडा?
तुमच्याकडं कधी नसतं.
मी म्हणाले, नाही. मग थोडं थांबून, हो,
मागचे सगळे चुकलेत.
साहेबांना रेंज नव्हती बहुतेक.

आता पहाटे मी संस्थेच्या ओट्यावर जाते,
किटल्या घेऊन बाया जमतात तेव्हा.
कास बघता तसंच, म्हणते, अंघोळीच्या वेळी,
महिन्यातनं एकदा, पाळी गेल्यावर.
शालन तोंडाला पदर लावून खिदळते.
वंचाळ कुठली, म्हणते म्हातारी सुंदरा,
आणि दुसऱ्या दिवशी मला एकटीला गाठते, चुलाण्यामागं.
चार महिन्यांत तीन आकडे.
नकाशात आम्ही जरा गुलाबी झालो.
साहेब काळजीत: तुमच्याकडं वाढायला लागलंय.

बायाक्काच्या जागी आता सून बसते.
म्हस तिला पान्हा सोडत नाही, लाथ झाडते.
बायाक्का दारात, डोक्याला मफलर गुंडाळून,
उन्हाच्या पट्ट्यात बसलेली असते.
केस गेलेत. आवाज आहे.
घाई करू नगं, सांगते.
पेरांनी बघ. गोल.
वरनं खाली गं, वरनं खाली.
सुनेचा एक हात कासेवर असतो.
दुसरा कुठं आहे, ते मी बघत नाही.