शिकाऊ

गाडी आता माझ्या नावावर आहे, फिन्टन.
कागद आले. विमाही उतरवला,
तुझ्या तिप्पट हप्ता, एकसष्टाव्या वर्षी.
पुढे-मागे लाल एल चिकटवलाय,
पुन्हा पहिलीत घातल्यासारखा.

मालकी चालते.
एकटीनं चालवणं चालत नाही.
शेजारी हवा कुणीतरी
पक्क्या परवान्याचा, निदान दोन वर्षं मुरलेला.
बेलमुलेटमध्ये तसे पुष्कळ,
सकाळी रिकामा एकच: मॅलकी.
हो, तोच.
दगडी बांधावरून ज्याच्याशी तू
एकोणीस वर्षं बोलला नाहीस.

माझ्या जागी तो बसतो, तुझ्या जागी मी.
तुझे पाय केवढे लांब!
सीट चार खाचा पुढे ओढली,
तेवढ्यात काय ते रडून घेतलं.

मॅलकी फार बोलत नाही.
"क्लच," म्हणतो.
"मेंढी," म्हणतो.
मोटरवेला मनाई आहे,
तशी मला जायचंय कुठे?

काल तुझ्याकडे आले होते.
तो म्हणाला, जाऊन ये, मी बसतो गाडीत.
मागे वळून पाहिलं तर
टोपी हातात घेऊन उभा,
दफनभूमीच्या भिंतीच्या
अलीकडेच.

परतताना एवढंच म्हणाला,
"हॅन्डब्रेक विसरलीस.
ओढलाय मी."